'नवीन बॅच भरली की देतो'

इंदूरच्या सुदामानगरातून एका आईंनी लिहिलंय. स्वमग्न मुलाला खासगी विशेष शाळेत घातलं, वर्षाचे १ लाख २० हजार एकरकमी भरले. त्यात स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपीची रक्कम वेगळी दाखवलेली. प्रत्यक्षात थेरपी जवळपास झालीच नाही, वर्गावर बिनप्रशिक्षित मुलगी. जुलै २०२४ मध्ये मुलाला काढलं. पैसे मागितले की व्यवस्थापकांचा व्हॉट्सअ‍ॅप येतो, 'नवीन बॅच भरली की देतो.' प्रश्न असा, की फॉर्मवरची 'शुल्क परत मिळणार नाही' ही ओळ आडवी येईल का? अशी पत्रं नेहमीचीच, आणि सगळी याच ओळीवर अडतात.

ताई, ती ओळ बाजूला ठेवा. ती अट अन्यायकारक करार म्हणून पाडायची तर भोपाळच्या राज्य ग्राहक आयोगात जावं लागतं, जिल्हा आयोगाला तो अधिकार नाही. एवढ्या रकमेसाठी तो खटाटोप नको, जिल्हा आयोगातच तक्रार करा.

तुमचं सगळं तारखेवर आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९ : तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. म्हणजे जुलै २०२६. 'देतो, देतो' म्हटल्याने ही मुदत लांबत नाही, वकिलाची नोटीस धाडल्यानेही नाही. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी आयोगाला तो स्वतःहून पाहावाच लागतो. उशीर माफ होऊ शकतो, पण कारण पटवावं लागतं, आणि 'शाळेवर विश्वास ठेवला' हे कारण मोठं केविलवाणं दिसतं. इतके महिने गोड मेसेज वाचत बसलात, आता उठा.

तक्रारीत 'नीट शिकवलं नाही' असं लिहू नका. शिक्षण ही ग्राहक कायद्याखालची सेवा आहे का, यावर वेगवेगळे निकाल आहेत आणि शाळेचा वकील पहिला तोच काढेल. वेगळे पैसे घेतलेली थेरपी दिली नाही, असं लिहा. तिथे तुमची बाजू बरी, निकालाची हमी मात्र देत नाही. पाच लाखांपर्यंत भरलेल्या रकमेवर आयोगाची फी लागत नाही. निकाल तीन महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. म्हणू दे बापडा.

पावत्या एकदा पाहा. थेरपीच्या रकमेला 'देणगी' म्हटलं असेल आणि घरात कुणी त्यावर ८०जीची सवलत घेतली असेल, तर आधी वकिलाला सांगा. आयकर खात्याला दान आणि आयोगाला फी, हे एकत्र चालायचं नाही.

शाळेकडे दिव्यांग हक्क कायदा २०१६ खालचं नोंदणीपत्र आहे का आणि वर्गावरच्या त्या मुलीचा आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी क्रमांक काय, हे लेखी विचारा. त्याने पैसे मिळतीलच असं नाही, पण उत्तर न देणंही तुमच्या कामी येऊ शकतं. मात्र उत्तराची वाट पाहत तक्रार अडवून ठेवू नका. तो चॅट ज्या फोनवर आहे तो विकू किंवा फॉरमॅट करू नका, आणि व्यवस्थापकांना आता फोन बंद.