1982 च्या मुंबईतल्या गिरणी संपावर जेस्टोरमध्ये (संशोधन लेखांच्या ऑनलाइन संग्रहात) फारसं काही सापडत नाही. कीवर्ड कसे निवडू?

अख्खा प्रश्न टाइप करू नका, त्यातली दोन-तीन कळीची नामं उचला. तुमच्या विषयात खरी मेख शहराच्या नावात आहे. बॉम्बेचं अधिकृत मुंबई झालं 1995 मध्ये. म्हणजे संपाच्या काळातले इंग्रजी लेख बहुतेक 'बॉम्बे' या नावानेच सापडणार! रोमन लिपीत असं टाका: (बॉम्बे ऑर मुंबई) अँड "टेक्स्टाइल वर्कर्स". ऑर, अँड कॅपिटलमध्ये. अवतरणचिन्हांमुळे दोन्ही शब्द जोडीनेच शोधले जातात. निकाल फार आले तर 'सामंत' जोडा, कारण संपाचं नेतृत्व दत्ता सामंतांचं होतं. एक चांगला लेख हाती लागला की त्याच्या तळटीपा जरूर वाचा. पुढचे कीवर्ड मला तरी नेहमी तिथेच मिळतात.