दोरा तुटला कुठे ते आधी बघा : गळवाल्यांचे प्रश्न, आमची उत्तरं

पाऊस सरला, तळ्यांचं पाणी निवळायला लागलं की दोरा, लीडर (मुख्य दोऱ्याच्या टोकाला जोडलेला वेगळा तुकडा) आणि गाठी यांचेच प्रश्न येतात. या वेळी पाच निवडलेत. काही उत्तरं लांबलीत, पण हा विषय दोन ओळीत आटपण्यासारखा नाही.

प्रश्न : भिगवणजवळ उजनीच्या बॅकवॉटरला मरळ धरतो, रबराचा फ्रॉग, म्हणजे बेडकासारखं तरंगणारं आमिष, वापरतो. २० पाउंडाचा तंगूस (नायलॉनचा दोरा) आहे, या सीझनला दोनदा तुटला, दोन्ही वेळा मोठी मरळ होती. दुकानदार म्हणतो फ्लोरोकार्बनचा लीडर लाव. लावू का, किती फुटाचा लावू?

दादा, लीडरचं नंतर बघू, आधी सांगा तुटलेलं टोक हातात घेऊन बघितलं का? बहुतेक जण ते रागात फेकून देतात आणि नेमकी तिथेच सगळी गोष्ट लिहिलेली असते. टोक स्प्रिंगसारखं पिळदार वळलेलं असेल तर दोरा तुटलाच नाही, गाठ सुटली. टोकाच्या वरचा वीतभर भाग पांढरट, खरखरीत लागत असेल तर तो कशावर तरी घासला, दगड, बाभळीचं बुड, शिंपल्या, काहीही. आणि मधेच तटकन गेला असेल, आसपास घासल्याची खूण नसेल, तर दोऱ्याला आधीच कुठेतरी चीर होती किंवा ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, फार आवळलेला होता.

आता मरळ. तीन-चार किलोच्या मरळीला २० पाउंड म्हणजे ९ किलो ताकदीचा दोरा कमी पडायचं कारण नाही असं कागदावर वाटतं. पण मरळ एकटी येत नाही, ती फ्रॉग घेऊन जलपर्णीत नाहीतर बेशरमीच्या झुडपात मुंडी घालते आणि मग तुम्ही मासा नाही, मासा अधिक आठ-दहा किलो ओला पाला ओढत असता. शिवाय तंगूस ताणला जातो, चांगला नायलॉनही तुटायच्या आधी वीसेक टक्के लांबतो, म्हणजे २० मीटरवर मासा लागला आणि तुम्ही झटका दिलात तर त्यातला बराचसा झटका दोऱ्यातच मुरतो, फ्रॉगचं रबर दबून गळ त्या टणक जबड्यात घुसायला हवा तो घुसतच नाही. म्हणून मरळीला ब्रेडेड, म्हणजे विणलेला दोराच घ्या, ४० ते ५० पाउंड, पाला गच्च असेल तर ६५ सुद्धा. ब्रेडेड जवळजवळ ताणला जात नाही, आणि पाल्याची देठं कापत बाहेर येतो.

लीडर? गच्च पाल्यात लावूच नका, ब्रेडेड थेट फ्रॉगला बांधा. मरळीचे दात टोकदार आहेत पण ते कात्रीसारखे चालत नाहीत, दोरा खरवडतात, आणि चाळीस-पन्नास पाउंडाचा ब्रेडेड एवढं खरवडणं सोसतो, फक्त प्रत्येक माशानंतर शेवटचा फूटभर नखावरून ओढून बघा आणि जरा जरी पिंजलेला लागला की कापून नव्याने बांधा. लीडरची जोडगाठ पाल्यात अडकते तो त्रास वेगळाच. जिथे दगड आहेत, पाणी उघडं आहे, तिथे मात्र दोनेक फूट ४० पाउंडाचा साधा नायलॉन जोडा. फ्लोरोकार्बन नको. तो पाण्यापेक्षा बराच जड, बुडतो, आणि तरंगणाऱ्या फ्रॉगचं नाक खाली ओढतो. दुकानदाराचं चुकलं असं नाही, तळाशी चालणाऱ्या ल्युअरला (नकली आमिषाला) फ्लोरो उत्तमच, पण इथे कामाचा नाही.

आणि एक विनंती. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका दिसला की त्याच्या खाली आई-बाप राखण करत असतात. त्या पुंजक्यावर फ्रॉग टाकला की मरळ हमखास हल्ला करते, सगळ्यांना माहीत आहे. ती भुकेने येत नाही, पिल्लांसाठी येते. तिथे टाकू नका. ती पिल्लं मागे उघडी पडली की बाकीचे मासे त्यांचा फडशा पाडतात.

प्रश्न : यूट्यूबवर पंचवीस-तीस गाठी बघितल्या, डोकं चक्रावलं. मी नवीन आहे, नाशिकला असते, गंगापूर धरणावर भावाबरोबर जाते. नेमक्या कोणत्या गाठी शिकू?

ताई, दोन. पालोमर आणि युनि. या दोन अंधारात, ओल्या हातांनी, न बघता बांधता आल्या की मग तिसरी.

पालोमर अशी : दोरा दुमडून दुहेरी करा, ती दुहेरी घडी गळाच्या नेढ्यातून काढा, मग त्याच दुहेरी दोऱ्याची साधी निरगाठ सैल मारा, घडीच्या फासातून अख्खा गळ आत घाला, ओलं करा आणि हळू ओढा. झालं. ब्रेडेडला हिच्याइतकी सोपी आणि भरवशाची गाठ मला माहीत नाही. अडचण एकच, ल्युअर मोठं असेल तर फास तेवढाच मोठा करावा लागतो आणि दोरा पिळतो, तिथे युनि वापरा.

युनि कुठेही चालते, गळाला, स्विव्हलला (फिरत्या कडीला), आणि दोन दोरे जोडायलाही, तिला मग डबल युनि म्हणतात. ब्रेडेडच्या बाजूने आठ वेढे, नायलॉनच्या बाजूने चार-पाच, कारण ब्रेडेड गुळगुळीत असतो, कमी वेढ्यात सरकतो. बऱ्याच जणांचा घोळ इथेच होतो. वडिलांनी, काकांनी शिकवलेली गाठ, नेढ्यातून दोरा घेऊन पाच-सहा पीळ देऊन टोक परत आत खोचायचं, ती क्लिंच, तंगुसाला अगदी छान आहे. तीच ब्रेडेडला बांधली की हळूहळू सरकत जाते आणि मोठा मासा लागला त्या दिवशीच सुटते. गाठ वाईट नाही, दोरा बदलला.

कोणतीही गाठ असो, आवळायच्या आधी थुंकी लावा नाहीतर पाण्यात बुडवा. कोरडी गाठ झटक्यात आवळली की घर्षणाने दोरा तापतो आणि नायलॉन तिथेच कमजोर होतो, डोळ्याला दिसतही नाही. आणि घरी बसून तोडून बघा. गळ पक्कडीत धरा, दुसरं टोक लटकत्या स्प्रिंग काट्याला बांधा आणि ओढा, कुठल्या आकड्याला तुटतो ते वहीत लिहा. ३० पाउंडाचा दोरा म्हणजे साडेतेरा किलो, तुमची गाठ सात-आठ किलोलाच जात असेल तर मासा धरायला जायच्या आधी कळलेलं बरं.

तिसरी गाठ एफजी. ब्रेडेडला जाड लीडर जोडायचा आणि ती जोड रॉडच्या रिंगांमधून अडखळत जायला नको असेल तर हीच. नायलॉन ताणून धरायचा आणि ब्रेडेड त्याच्यावर एकदा वरून एकदा खालून असे वीसेक वेढे घालायचे, शेवटी अर्ध्या गाठी. सगळा भरवसा वेढे नायलॉनमध्ये रुतण्यावर आहे. मी पहिल्या वर्षी ती नदीकाठी घाईत बांधली, नीट आवळून रंग गडद होईपर्यंत ओढली नाही, आणि एक चांगली खडस (महसीर) लीडर आणि ल्युअरसकट गेली. तोंडात दोन तिहेरी गळ घेऊन ती किती दिवस फिरली असेल हे आजही मनातून जात नाही. म्हणून सांगतो, एफजी घरी शंभरदा बांधा, तोपर्यंत पाण्यावर डबल युनि.

प्रश्न : कोल्हापूरकडचा आहे. खडस लागली की दगडात शिरते आणि दोरा कापते. ८० पाउंडाचा ब्रेडेड घेऊ का?

नको भाऊ. जाड ब्रेडेडही आपल्या काळ्या पाषाणाच्या धारेवर ताणलेला असताना कचकन जातो, ब्रेडेडची ताकद ओढायला आहे, घासायला नाही. घासायला जाड, गुळगुळीत नायलॉन किंवा फ्लोरो लागतो. मेन लाइन ४० ते ५० पाउंडाचा ब्रेडेड, पुढे ३५ ते ४० पाउंडाचा लीडर आणि तोही चांगला लांब, दीड-दोन मीटर, कारण मासा दगडाला वळसा घालतो तेव्हा फूटभर लीडर काय पुरणार?

लीडर मेन लाइनपेक्षा थोडा कमी ताकदीचा ठेवा. अडकलं, तोडावं लागलं, तर गळाजवळ तुटेल. उलटं केलंत तर रीलजवळ कुठेतरी तुटतं आणि मासा पन्नास मीटर दोरा मागे ओढत दगडात गुंतून मरतो.

खडशीच्या जबड्यात दात नाहीत, दात घशात आहेत, पण तिथे ती खेकडे-शिंपले चुरडते. त्यामुळे वायर नको, गळ मात्र दणकट हवा. ल्युअरबरोबर आलेले बारीक तिहेरी गळ ती सरळ करते, ते काढून जाड तारेचा एकेरी गळ लावा, त्याच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. ड्रॅग दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश.

ही आपली मासळी आहे. १८३९ मध्ये साइक्स या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांवर लिहिताना पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून हिची नोंद केली, शास्त्रीय नावातलं खुद्री हे तेव्हापासूनचं. महाडजवळ वाळणकोंडीला लोक तिला देवाचा मासा म्हणून हात लावत नाहीत, लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या हॅचरीत हिची बोटुकली तयार करून सोडतात. धरलीत तर पाण्यातच गळ काढा आणि जाऊ द्या. आणि जिथे मासेमारीचा ठेका आहे तिथे सोसायटीला विचारल्याशिवाय रॉड काढू नका.

प्रश्न : मी मूळची साताऱ्याची, आता नेदरलँड्सला. इथे कालव्यात पाइक आहे, ज्याला स्नूक म्हणतात. मरळीसारखंच ब्रेडेड थेट ल्युअरला बांधलं तर?

नाही! मरळीच्या सवयीने हे करू नका. पाइकचे दात खरंच ब्लेडसारखे कापतात, ५० पाउंडाचा ब्रेडेड एका चाव्यात जाईल आणि ल्युअर माशाच्या घशात राहील. स्टीलची नाहीतर टायटॅनियमची वायर, कमीत कमी ३० सेंटीमीटर, एका बाजूला स्विव्हल आणि दुसरीकडे मजबूत स्नॅप (उघडझाप होणारी कडी). फ्लोरोवाले म्हणतील जाड फ्लोरो पुरतो, बऱ्याचदा पुरतोही, पण बऱ्याचदा म्हणजे नेहमी नाही. वायरला वाक पडला की बदला. मेन लाइन ३० ते ४० पाउंडाचा ब्रेडेड, स्विव्हलला पालोमर. लांब पक्कड आणि वायर कापायचं कटर सोबत नसेल तर त्या दिवशी जाऊच नका, गळ खोल गेला तर तोच कापून काढता आला पाहिजे. व्हिसपास, म्हणजे तिथला मासेमारीचा परवाना, जवळ ठेवा, आणि त्या पाण्यात ल्युअर कधी बंद असतो ते परवान्याबरोबरच्या पाण्यांच्या यादीत बघा, वसंतात बंदी असते.

प्रश्न : पेणला आमच्या तळ्यात जिताडा आहे. गळाला लागतो, उडी मारतो, दोरा कापलेला परत येतो. दात तर दिसत नाहीत!

दात नव्हेत, गालफड कापतं. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते, मान हलवली की दोरा त्यावर घासतो. ४० ते ५० पाउंडाचा नायलॉन लीडर, अडीच फूट पुरे. तो उडी मारेल तेव्हा रॉडचं टोक पाण्याकडे झुकवा, दोरा क्षणभर सैल पडू द्या. उचलताना कल्ल्यात बोट घालू नका, जाळी वापरा.

आणि तुटलेले, कापलेले तुकडे तळ्याकाठी टाकू नका, खिशात घाला. तुमच्याच तळ्यावरच्या बगळ्याच्या पायात तो तंगूस गुंततो, मग तो फांदीला लटकून राहतो, आणि तिथवर शिडीही पोचत नाही.