कोऱ्या पानावरची सही आणि शाळेची सभा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीबद्दल विचारलेले काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. आधी थोडी पार्श्वभूमी. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार विनाअनुदानित शाळा सोडून सगळ्या शाळांत ही समिती असावीच लागते. जिल्हा परिषदेची शाळा, नगरपालिका-महापालिकेची शाळा आणि अनुदानित संस्थेचे आठवीपर्यंतचे वर्ग, सगळे यात येतात. निदान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला, हे कायद्यातच आहे. आपल्याकडे समिती १२ ते १६ जणांची असते. म्हणजे १६ जणांच्या समितीत किमान १२ पालक आणि ८ महिला. अध्यक्ष पालकांमधून निवडायचा, मुख्याध्यापक सदस्य सचिव.

मी समितीची सदस्य आहे. महिना-दोन महिन्यांनी मुलाच्या हाती वही घरी येते आणि मी सही करून परत पाठवते. सभा झालेलीच नसते. मी सही करावी की नाही? (खटाव तालुका)

करू नका. त्या वहीतला ठराव म्हणजे खर्चाची मंजुरी असते. खाली तुमची सही असली की उद्या चौकशीत "समितीनं मंजूर केलं" असंच म्हटलं जाणार, आणि समिती म्हणजे तुम्ही.

असं का होतं हेही समजून घ्या. दोन शिक्षकी शाळेत मुख्याध्यापकच वर्ग शिकवतात, पोषण आहाराचा हिशोब ठेवतात आणि ऑनलाइन माहितीही भरतात. वरून ठरावाची प्रत लगेच मागितली जाते आणि सभा बोलवायला सवड नसते. प्रत्येक वेळी लबाडीच असते असं नाही. पण सवय वाईट आहे, आणि ती मोडायचा सोपा उपाय म्हणजे सभेचा वार कायमचा ठरवून टाकणं. सभा महिन्याला किमान एक व्हायला हवी. दर महिन्याचा दुसरा शनिवार, शाळा सुटल्यावर, असं एकदा ठरलं की वही घरोघर फिरवायची गरज उरत नाही.

इतिवृत्त कसं असावं ते सांगतो. वही बांधीव आणि पानांवर क्रमांक घातलेली असावी, कारण सुटे कागद बदलता येतात. पहिल्या ओळीत तारीख, सभा सुरू झाल्याची वेळ आणि जागा. मग हजर सदस्यांच्या सह्या, नावासमोर. पहिला विषय नेहमी एकच, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं. हे मोठ्यानं वाचायला लावा, कारण न झालेला ठराव घुसडला असेल तर तो इथेच सापडतो. पुढं प्रत्येक ठरावाला क्रमांक, सूचक, अनुमोदक, रक्कम असेल तर आकड्यांत आणि अक्षरांत, काम कोण करणार आणि कधीपर्यंत. "शाळेच्या विकासाबाबत चर्चा झाली" या वाक्याला काही अर्थ नाही. "मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराची कडी व नळ दुरुस्ती, रु. १,८०० पर्यंत, मुदत १५ दिवस" याला आहे. मजकूर संपला की उरलेल्या पानावर तिरकी रेघ मारायची आणि सह्या शेवटच्या ओळीला लागूनच घ्यायच्या. खोडाखोड झाली तर पांढरी शाई नको. एक रेघ मारून शेजारी अध्यक्षांनी छोटी सही करावी.

आजवर सह्या देऊन बसला असाल तरी घाबरू नका. अध्यक्ष आणि सदस्य सचिव यांच्या नावे साधं पत्र लिहा: "अमुक तारखेच्या सभेस मी हजर नव्हते, माझी सही घरी घेतली गेली. पुढील सभेत मागील ठराव वाचून दाखवावेत." पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पुढच्या सभेत हे पत्र वाचून त्याची नोंद इतिवृत्तात व्हायला हवी.

आमच्या गावात महिला सदस्यांच्या जागी त्यांचे पती बसतात. चालतं का? (पाटण तालुका)

नाही. समितीत मुखत्यार नसतो. सदस्यत्व जिचं आहे, हजेरी आणि सही तिचीच. पाटण-जावळीतले कितीतरी पुरुष मुंबईत कामाला आणि आई मुलांसह गावी, असं असताना शाळेचं रोजचं खरं चित्र आईलाच माहीत असतं. सभा तिच्या सवडीच्या वेळी ठेवा, ती येते.

सभा कधी झाली ते आम्हाला नंतर कळतं. मी सदस्य नाही, साधा पालक आहे. मला काय मागता येईल? आमची शाळा कन्नड माध्यमाची आहे. (जत तालुका)

समितीत मत देण्याचा हक्क सदस्यांचाच. पण समितीतले पालक निवडायचे ते पालक सभेत, आणि त्या सभेला प्रत्येक पालक येऊ शकतो. केंद्राच्या २०१० च्या नियमांत समिती दर दोन वर्षांनी नव्यानं बनवावी, सभेचं इतिवृत्त नीट नोंदवावं आणि ते लोकांना पाहायला खुलं असावं, असं स्पष्ट लिहिलं आहे. शिवाय जिल्हा परिषद शाळेचं दप्तर हे सरकारी दप्तर असल्यानं माहिती अधिकारातही ते मिळतं. तेव्हा "तुम्ही सदस्य नाही, तुम्हाला वही दाखवता येणार नाही" हे उत्तर चुकीचं आहे.

मागणी मात्र नेमकी करा. एक, सभेची सूचना आठवडाभर आधी शाळेच्या फलकावर आणि गावात लोक थांबतात तिथं, म्हणजे देऊळ, दूध संकलन केंद्र, रेशन दुकान इथं लावावी. आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर टाकलेला संदेश म्हणजे सूचना नव्हे. दोन, सूचनेत विषय लिहिलेले असावेत. "आयत्या वेळचे विषय" या मथळ्याखाली पैशाचा ठराव घेऊ नये. तीन, सभा झाल्यावर ठरावांचं एक पान फलकावर लावावं. आणि तुमच्याकडे ही दोन्ही पानं कन्नडमध्येही हवीत. जे पान पालकाला वाचता येत नाही ते लावून उपयोग काय?

वेळेचा विचारही इथंच करायला हवा. जत-आटपाडीतून ऊसतोडीला कुटुंबं बाहेर पडली की नव्या समितीची निवड करणं म्हणजे त्यांना वगळणं. तासगाव-मिरज भागात ऑक्टोबरची द्राक्षछाटणी सुरू असते तेव्हा सकाळी अकराच्या सभेला बागेतला मजूर पालक येऊच शकत नाही. खानापूर-विट्याकडचे गलाई कारागीर, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, परराज्यांत असतात, तिथंही गावात आईच असते. पालक सभा जून-जुलैत, शाळा नुकतीच सुरू झालेली असताना घेतली तर सगळ्यात जास्त लोक हाती लागतात. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यायच्या, हेही कलम २१ मध्येच आहे. पटावर अशी मुलं किती, हे निवडीआधी फळ्यावर लिहा, मग जागा मोजा.

शाळेला किती पैसे येतात आणि ते कुठं गेले, हे कसं तपासायचं? आमच्या शाळेचा पट ८४ आहे. (वाळवा तालुका)

समग्र शिक्षा योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, ३१ ते १०० साठी २५,०००, १०१ ते २५० साठी ५०,०००, २५१ ते १,००० साठी ७५,००० आणि त्यावर १ लाख, अशा मर्यादा आहेत. तुमची शाळा २५,००० च्या गटात येते. यातली किमान १० टक्के रक्कम, म्हणजे पूर्ण २५,००० आले तर २,५०० रुपये, स्वच्छतेवर खर्च व्हायला हवी. पैसे बऱ्याचदा हप्त्यांत आणि उशिरा येतात, म्हणून सभेतला पहिला प्रश्न "मंजूर किती" हा नको. "आजपर्यंत प्रत्यक्ष जमा किती" हा विचारा.

मग तीन कागद शेजारी शेजारी ठेवा: रोकडवही, प्रमाणकं म्हणजे खर्चाची बिलं, आणि जडसंग्रह नोंदवही. रोकडवहीतली प्रत्येक खर्चाची ओळ एखाद्या प्रमाणकाशी जुळली पाहिजे. प्रमाणकात टिकाऊ वस्तू असेल, पंखा, कपाट, पाण्याची टाकी, तर ती जडसंग्रहात चढलेली हवी. आणि जडसंग्रहातली वस्तू वर्गात डोळ्यांना दिसली पाहिजे. घोळ बहुतेक वेळा शेवटच्या पायरीवर सापडतो. बिल आहे, नोंद आहे, पंखा नाही. मार्चअखेरच्या आठवड्यात एकाच दुकानाची चार बिलं दिसली तर दरपत्रकं मागा.

पोषण आहाराचा हिशोब तर रोज तपासता येतो. पहिली ते पाचवीला प्रत्येक मुलामागं १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीला १५० आणि ३०. तुमच्या शाळेत पाचवीपर्यंतच वर्ग असतील आणि आज ७२ मुलं हजर असतील, तर ७ किलो २०० ग्रॅम तांदूळ आणि १ किलो ४४० ग्रॅम डाळ शिजली पाहिजे. समितीतल्या एका आईनं आठवड्यातून एकदा न सांगता जावं, हजेरी पाहावी, तांदूळ तोलताना उभं राहावं, घास चाखून चव कशी ते नोंदवहीत लिहावं. हिशोब पटापेक्षा हजेरीवर होतो, हे ध्यानात ठेवा. गैरहजर मुलांच्या नावे तांदूळ पडत असेल तर इथं कळतं.

मुख्याध्यापक म्हणतात, "माहिती हवी तर अर्ज करा." अर्ज कसा करायचा? (मिरज तालुका)

आधी एकदा साध्या पत्रानं मागा, पंधरा दिवस थांबा. गावच्या शाळेत पहिलंच पाऊल माहिती अधिकाराचं टाकलं की नातं ताठरतं आणि त्याचा त्रास मुलांना होतो. तरी नाही मिळालं तर मात्र मागं हटू नका.

अर्ज जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, दाखल्याची प्रत जोडायची. आपल्या राज्यात अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांत, एवढं पाळा. "खर्च का केला?" असं विचारू नका. माहिती अधिकारात कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. असं लिहा: "दि. १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळातील शाळा व्यवस्थापन समितीच्या सर्व सभांच्या सूचना, उपस्थितीच्या सह्या व इतिवृत्त यांच्या साक्षांकित प्रती." प्रतीला पानामागं २ रुपये. बारा सभांची ३६ पानं निघाली तर ७२ रुपये. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.

उत्तर ३० दिवसांत. नाही आलं किंवा अपुरं आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांच्या स्टॅम्पसह. त्यावर ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निर्णय व्हायला हवा. त्यानंतर ९० दिवसांच्या आत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे. मुलांचे गुण, आजारपण, कुणाची जात अशी खासगी माहिती मागू नका. ती नाकारली जाईल, आणि नाकारावीच.

एका शिक्षकाच्या मुलींशी वागण्याबद्दल कुजबुज आहे. हा विषय समितीच्या सभेत काढावा का? (नाव-गाव दिलेलं नाही)

नाही. बाकी सगळं उघड्यावर आणा असं आम्ही सांगतो, पण हा विषय सभेचा नाही.

लैंगिक त्रासाची शंका असेल तर पॉक्सो कायदा, २०१२ लागू होतो. कलम १९ नुसार ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाही गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाबद्दल गप्प बसणं याला एक वर्षापर्यंत. समितीनं शिक्षकाला बोलावून "समज देणं", माफीनामा लिहून घेणं, बदलीची मागणी करून विषय मिटवणं, यातलं काहीही करू नये. मुलीला चारचौघांत प्रश्न विचारणं तर अजिबात नको. जवळचं पोलीस ठाणं किंवा १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन, थेट तिथं. कोणत्याही ठरावात, व्हॉट्सअॅप गटात मुलीचं नाव, इयत्ता, ओळख पटेल असं काहीही येता कामा नये.

सभेत विचारायचं ते वेगळं: तक्रारपेटी कोण उघडतं आणि किती दिवसांनी, मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, शाळा सुटल्यावर मुलांना कोण थांबवून घेतं.

माझी मुलगी विनाअनुदानित इंग्रजी शाळेत आहे. तिथं अशी समिती नाही. (सातारा शहर)

तिथं ही समिती बंधनकारक नाही, पण २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हायला हवा आणि कार्यकारी समितीतले पालक इच्छुकांमधून चिठ्ठी टाकून निवडायचे असतात. ओळखीचे पालक नेमून घेतले असतील तर चिठ्ठी कधी काढली, हे लेखी विचारा. फीवाढीचा प्रस्ताव व्यवस्थापनानं पुढच्या वर्षाच्या सहा महिने आधी या समितीपुढं ठेवायचा असतो, आणि ठरलेली फी दोन वर्षं बदलता येत नाही. तेव्हा जूनमध्ये भांडण्यापेक्षा डिसेंबरमध्ये फलक पाहा.

समिती ठराव करते, वर पाठवते, पुढं काही होत नाही. (माण तालुका)

कारण ठराव चुकीच्या वेळी निघतात. शाळा विकास आराखडा आर्थिक वर्ष संपायच्या निदान तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर तयार हवा. तो तीन वर्षांचा असतो आणि त्यात प्रत्येक वर्षाचा वेगळा भाग असतो. पट किती वाढेल, शिक्षक किती लागतील, खोल्या, पाणी, स्वच्छतागृह, कुंपण यांतलं काय कमी आहे आणि अंदाजे खर्च किती, एवढं त्यात आलं पाहिजे. पाणी आणि कुंपणासारखी कामं ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यातही बसू शकतात, पण तो आराखडा ग्रामसभेत मंजूर होण्याआधी तुमचा कागद तिथं पोचलेला असेल तरच. म्हणून प्रती तीन काढा. एक केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, एक ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांकडे, आणि तिसरी, दोन्ही कार्यालयांच्या पोच शिक्क्यांसह, समितीच्या वहीत डकवायला. ग्रामसभेला समितीतले चार-पाच पालक जाऊन बसा आणि विषय वाचला जाईपर्यंत उठू नका.

मुलांच्या हक्काचाच प्रश्न असेल, म्हणजे शिक्षकच नाही, वर्गच नाही, तर कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, तुमच्याकडे जिल्हा परिषदेकडे, लेखी तक्रार करा. त्यांनी तीन महिन्यांत, दोन्ही बाजू ऐकून निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे. तक्रारीला समितीचे आधीचे ठराव आणि पोच घेतलेल्या प्रती तारखेच्या क्रमानं जोडा.