आरडीचे अडीच लाख: पंखे, डिशवॉशर, सोलर की सगळे म्युच्युअल फंडात?

प्रश्न : आम्ही नाशिकला रो-हाऊसमध्ये राहतो. घरात मी, मिस्टर, दोन मुलं आणि सासूबाई. मी शिक्षिका आहे, मिस्टर सातपूरला कंपनीत आहेत. दोघांचा मिळून पगार १ लाख १० हजार हातात येतो. घराचा हप्ता धरून खर्च ८० हजार, एसआयपी १० हजार. बचत खात्यात ९० हजार आहेत. १० हजारांची दोन वर्षांची आरडी आता संपली आणि २ लाख ५६ हजार मिळाले. माझी यादी अशी : कमी विजेचे सहा पंखे, डिशवॉशर, छतावर ३ किलोवॉटचं सोलर (कोटेशन १ लाख ९५ हजार) आणि एअर फ्रायर. वीज महिन्याला सरासरी ३१० युनिट लागते, बिल साडेतीन हजारांच्या घरात. भांड्यांच्या बाई महिना १,८०० घेत होत्या, त्या वर्षापूर्वी गावी गेल्या. तेव्हापासून रात्रीची भांडी मी किंवा सासूबाई घासतो आणि त्यांचं मनगट दुखतं. मिस्टर म्हणतात, या वस्तूंचा नुसता गाजावाजा आहे, सगळे पैसे म्युच्युअल फंडात टाक. कोणाचं बरोबर?

उत्तर :

ताई, तुमच्या यादीतल्या चारपैकी तीन वस्तूंचा गाजावाजा खरा आहे. माझ्यासारख्या सल्लागाराकडून लोक ‘खर्च टाळा’ एवढंच ऐकायची तयारी ठेवून येतात, म्हणून हे सुरुवातीलाच सांगतो. मात्र या तीन वस्तू एका पारड्यात घालू नका. पंखे आणि सोलर पैसे परत करतात. डिशवॉशर पैसे परत करत नाही, वेळ देतो.

त्याआधी एक काम. तुमचा महिन्याचा खर्च ८० हजार आणि हाताशी आहेत ९० हजार. म्हणजे पगार थांबले किंवा सासूबाईंना दवाखान्यात न्यावं लागलं तर जेमतेम पाच आठवड्यांची सोय. आलेल्या पैशांतले १ लाख ५० हजार आधी बाजूला काढा, म्हणजे तीन महिन्यांचा खर्च हाताशी राहील. ते बचत खात्यात मिसळू नका. मोडता येणाऱ्या मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात (पैसे लवकर काढता येतात अशा म्युच्युअल फंडात) ठेवा. उरले १ लाख ६ हजार. यादीची चर्चा एवढ्याच रकमेत करायची.

पंख्यांबद्दल मला काडीची शंका नाही. साधा छताचा पंखा पूर्ण वेगात ७० ते ८० वॉट घेतो, बीएलडीसी मोटरचा, म्हणजे तुम्ही म्हणता तो कमी विजेचा पंखा, ३० वॉटच्या आसपास. बैठकीच्या खोलीतला पंखा दिवसाला १२ तास आणि तीन खोल्यांतले रात्रीचे ९-९ तास धरले, थंडीचे तीन महिने वगळले आणि पंखा नेहमी पूर्ण वेगात नसतो म्हणून थोडं आणखी कमी केलं, तरी वर्षाला ३८० ते ४०० युनिट वाचतात. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांच्या वरचा टप्पा एकदम महाग होतो. वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचा आकार) आणि १६ टक्के वीज शुल्क मिळवून तुम्हाला वरच्या युनिटला १२ रुपयांच्या पुढेच पडतं. म्हणजे वर्षाला साडेचार हजारांहून जास्त बचत आणि चार पंख्यांचा खर्च वायरमनसकट १२ हजार. अडीच वर्षांत पैसे वसूल, पुढची सगळी वर्षं नफ्यात. हा परतावा कोणताही फंड खात्रीने देत नाही आणि वाचलेल्या पैशांवर आयकरही नाही.

पण पंखे चारच घ्या. देवघरातला आणि जिन्याजवळचा पंखा दिवसाकाठी तासभरही चालत नसेल, तिथे नव्या पंख्याचे पैसे कधीच निघणार नाहीत. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचं आहे, ते बघून घ्या. रिमोटचा पंखा असेल तर भिंतीवरचा जुना रेग्युलेटर वायरमनकडून काढून घ्या. या पंख्यांत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं आणि बिघडतं ते बहुधा तेच. म्हणून शंभर-दोनशे रुपये जास्त गेले तरी वॉरंटी लांबची आणि सर्व्हिस सेंटर नाशिकमध्ये असलेली कंपनी निवडा.

आता डिशवॉशर. तुमच्या घरात खरा वाद यावरच असणार, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

मशीनला ४० हजार धरू. तेच ४० हजार रुपये दहा वर्षं फंडात ठेवले आणि वर्षाला १० टक्के परतावा धरला तर १ लाख ४ हजारांच्या आसपास होतात. मिस्टरांचं म्हणणं हे आणि ते चुकीचं नाही. दुसऱ्या बाजूचा हिशेबही तितक्याच प्रामाणिकपणे मांडू. मशीन आठ वर्षं चाललं तर वर्षाला ५ हजार. रोज एक फेरी धरली तर वीज साधारण एक युनिट, त्यात पावडर किंवा टॅबलेट, पाणी मऊ करणारं मशीनचं मीठ आणि भांडी कोरडी निघावीत म्हणून रिन्स एड, असे दिवसाला ३० रुपये, म्हणजे वर्षाला ११ हजार. एकूण १६ हजार. बाईंना तुम्ही वर्षाला २१ हजार ६०० देत होता. रोजची पाऊण तास मेहनत वाचली तर वर्षाला २७० तास होतात. तासाला ६० रुपयेही पडत नाहीत. दिवसभर शाळेत उभं राहून आलेल्या बाईचा आणि मनगट दुखणाऱ्या सासूबाईंचा तास ६० रुपयांहून स्वस्त आहे, असं मी तरी म्हणणार नाही. या वस्तूबाबत घरात एकमत होत नसेल तर रात्री ओट्याशी जो उभा राहतो त्याचं मत जड धरावं, असं मला मनापासून वाटतं.

भांडी स्वच्छ निघतात का? स्टील, काच आणि चिनी मातीची निघतात, तेलकट-मसालेदार असली तरी. गरम पाण्याचा कार्यक्रम ६५-७० अंशांपर्यंत जातो. हाताला तेवढं तापलेलं पाणी सोसत नाही. पाणीही एका फेरीला १० ते १२ लिटर लागतं. नळ सोडून घासताना याहून कितीतरी जास्त वाहून जातं. भांडी आधी विसळायची नाहीत, फक्त खरकटं काढून लावायची. हे सवयीला यायला महिना जातो.

न चालणाऱ्या भांड्यांची यादीही लांब आहे आणि दुकानदार ती सांगत नाहीत. लोखंडी तवा आणि कढई, पितळ-तांबं, लाकडी पोळपाट-लाटणं, नॉनस्टिक यांतलं काही त्यात टाकू नका. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर काळा पडतो. प्लास्टिकच्या डब्यांवरचे हळदीचे डाग तसेच राहतात. म्हणून पैसे भरण्याआधी आठवडाभर रात्रीची भांडी वेगळी लावून बघा. निम्म्याहून अधिक भांडी स्टील आणि काचेची असतील तर मशीन घ्या. बहुतेक स्वयंपाक लोखंडी कढईत आणि पितळी पातेल्यात होत असेल तर घेऊ नका; तो ४० हजारांचा पश्चात्ताप ठरेल आणि हात पुन्हा घासणीलाच लागतील. सासूबाईंना पटत नसेल तर ज्या नातेवाइकांकडे मशीन आहे तिथे तुमचीच एखादी चिकट स्टीलची कढई नेऊन लावा.

घ्यायचंच ठरलं तर मोठ्या क्षमतेचं, कढई उभी राहील असं घ्या. पाच माणसांना लहान मशीन पुरत नाही. जवळ नळ, सांडपाण्याची वाट आणि १६ अँपिअरचा प्लग हवा. गंगापूर धरणाचं पाणी असेल तर मीठ कमी लागेल, बोअरचं असेल तर भरपूर. २२ सप्टेंबर २०२५ पासून डिशवॉशरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, म्हणून त्याआधीच्या किमती दाखवून कोणी ‘मोठी सूट’ म्हणालं तर हुरळून जाऊ नका.

पैसे रोख भरा. दुकानात ‘नो कॉस्ट ईएमआय’ पुढे करतील. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असा प्रकार नसतो. व्याज कुठेतरी असतंच : रोखीची सूट जाते, वर प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या रकमेवर जीएसटी लागतो. क्रेडिट कार्डाचा एक हप्ता चुकला तर महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी मीटर सुरू होतं. दुकानदाराला सरळ विचारा, ‘आत्ता पूर्ण पैसे दिले तर कितीला?’

एअर फ्रायर राहू द्या. आत गरम हवा फिरवणारी ती छोटी भट्टीच आहे. पाच माणसांसाठी तीन-तीन घाणे काढावे लागतात आणि तोवर पहिला घाणा गार होतो.

पंखे आणि डिशवॉशर मिळून ५२ हजार गेले, ५४ हजार उरले. आता सोलर. छतावरच्या सोलरला अनुदान देणारी केंद्र सरकारची ‘पीएम सूर्यघर’ योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार अनुदान. ७८ हजारांचा आकडा ऐकून सगळे तीन किलोवॉटकडे धावतात आणि विक्रेतेही तेच सुचवतात. तुम्हाला दोन किलोवॉट पुरेल.

कारण सांगतो. एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतं, म्हणजे दोन किलोवॉट महिन्याला २४० च्या आसपास. तुमचे ३१० युनिट, त्यातून पंख्यांनी ३३ वाचवले आणि डिशवॉशरने ३० खाल्ले, म्हणजे ३०७. त्यातले २४० छतावरून आले की उरतात ६०-७० युनिट आणि ते पहिल्या स्वस्त टप्प्यातले. महागडी युनिट सगळी गेली. तिसऱ्या किलोवॉटला अनुदान वजा जाता चाळीस हजारांच्या आसपास मोजायचे आणि त्यातून महिन्याला साडेचारशे रुपयेच वाचवायचे. वापराहून जास्त वीज झाली तर ती पुढच्या महिन्यांत वळती होते, पण वर्षअखेरीस उरलेल्या युनिटला फार कमी दर मिळतो. येत्या दोन वर्षांत एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर नक्की घेणार असाल तरच तीन किलोवॉटचा विचार करा.

दोन किलोवॉटला १ लाख ३५ हजार धरू. अनुदानाचे ६० हजार गेले की खरा खर्च ७५ हजार आणि बिलात महिन्याला पावणेतीन हजारांची घट. तीन वर्षांच्या आत पैसे फिटतात आणि पॅनेलची हमी २५ वर्षांची असते. मधे कधीतरी इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात चालेल अशी करणारं यंत्र) बदलावा लागेल, तेवढा खर्च मनात धरा. सोलर बसल्यावर पंख्यांची बचत थोडी कमी दिसेल, कारण तेव्हा वाचणारी युनिट स्वस्त टप्प्यातली असतील. तरीही पंखे आधीच बसवा.

अनुदान यंत्रणा सुरू झाल्यावर खात्यात येतं, आधी पूर्ण रक्कम भरावी लागते. तुमच्याकडे ५४ हजार आहेत. आरडीचे १० हजार आता मोकळे झाले, ते तीन महिने साठवले की ८४ हजार. कमी पडणाऱ्या ५१ हजारांसाठी सरकारी बँका याच योजनेखाली, घरकर्जाहून कमी दरात, तारण न घेता कर्ज देतात. अनुदान आलं की ते एकरकमी फेडून टाका. बाजूला काढलेल्या दीड लाखाला हात लावू नका.

विक्रेता योजनेच्या यादीतला हवा आणि पॅनेल भारतात बनलेल्या सेलचे हवेत, नाहीतर अनुदान मिळत नाही. दर किलोवॉटला शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते; शेजारच्या इमारतीची सावली दुपारी कुठवर येते ते स्वतः गच्चीवर जाऊन बघा. आणखी एक गोष्ट, जी बसवून झाल्यावर कळली की लोक चिडतात : वीज गेली की हे सोलरही बंद पडतं. लाईनवर काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. भारनियमनावर उपाय म्हणून घेत असाल तर घेऊ नका.

मिस्टरांच्या मुद्द्याकडे वळतो. चालू एसआयपीला धक्का लागू द्यायचा नाही, यात मी त्यांच्याच बाजूने आहे. वाचलेले बिल आपोआप शिल्लक पडत नाही, ते किराण्यात आणि ऑनलाइन खरेदीत विरून जातं. म्हणून सोलर सुरू झाल्याच्या पहिल्याच महिन्यापासून २,५०० रुपयांची वेगळी एसआयपी लावा, पगाराच्या दुसऱ्या दिवशी कापली जाईल अशी. १० टक्के परतावा धरला तर दहा वर्षांत ५ लाखांच्या वर रक्कम उभी राहते. ती पूर्वी तुम्ही वीजबिलात भरत होता. मिस्टरांना हा आकडा दाखवा, वाद बराचसा मिटेल.

तुमच्या पत्रात आरोग्य विम्याचा उल्लेख नाही. फक्त कंपनीचा असेल तर नोकरीबरोबर तोही जातो. वैयक्तिक आरोग्य विम्यावर आता जीएसटी शून्य आहे, त्यामुळे स्वतःची पॉलिसी काढायला ही चांगली वेळ आहे. सासूबाईंचं वय आणि आजार कळवलेत तर त्याबद्दल वेगळं लिहीन.

पंखे याच आठवड्यात बसवून घ्या. भांड्यांची आठवड्याची चाचणी झाली की डिशवॉशरचं ठरवा. सोलरचा अर्ज मात्र त्यानंतरची दोन बिलं हातात आल्यावरच भरा आणि किती किलोवॉट ते त्या बिलांवरचे युनिट बघून लिहा. विक्रेत्याने तीनचा आग्रह धरला तर दोन किलोवॉटचं लेखी कोटेशन मागा. तो देत नसेल तर यादीतल्या दुसऱ्या विक्रेत्याकडे जा.