हनुका आणि नाताळ एका घरात: “मी कुठं उभं राहायचं?”

“मॅडम, घरात दोन धर्मांचे सण केले तर मुलं गोंधळून जाणार नाहीत का?”

मी कुटुंब-समुपदेशक. डिसेंबर जवळ आला की हा प्रश्न माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसतोच. कधी जोडपं हिंदू-ख्रिस्ती असतं, कधी पारशी-हिंदू. आज ज्या घराबद्दल लिहिते आहे तिथे हनुका हा ज्यूंचा दिव्यांचा सण आणि नाताळ आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि सात-आठ बैठकांमधलं मोजकंच बोलणं इथे घेतलं आहे.

ती ठाण्याची, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातली. तो वसईचा, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या मूळ मराठी ख्रिस्ती समाजातला, कॅथलिक. दोघांची मायबोली मराठी, मुलगी नऊ वर्षांची. लग्नानंतर त्यांनी मोठ्या हौसेनं ‘एकच सण’ करायचं ठरवलं होतं. नाताळच्या झाडावर चंदेरी दावीदतारे, म्हणजे सहा टोकांचे ज्यू तारे, टांगायचे, येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याशेजारी हनुकिया, म्हणजे हनुकाचे दिवे लावायचं स्टँड, ठेवायची आणि सुट्टी सोयीची म्हणून तिचे सगळे दिवे २४ डिसेंबरला एकदमच लावायचे. तिसऱ्या वर्षी तिचे वडील म्हणाले, “झाड सजवायला आमचा दिवा कशाला?” त्यानंतर ते डिसेंबरात लेकीच्या घरी आले नाहीत. वसईच्या सासूबाई येत, पण तासाभरात निघून जात.

पहिल्या बैठकीत तो म्हणाला, “आम्ही दोघांचं मिळून एक केलं, मॅडम. कुणाला कमी पडू दिलं नाही.”

मी विचारलं, “त्या एकात हनुका किती उरला?”

तो गप्प झाला. उत्तर तिनं दिलं, “हनुका तेव्हा संपून गेलेला असायचा.”

बऱ्याच वर्षी ते अक्षरशः खरं होतं. हनुका ज्यू पंचांगातल्या किस्लेव महिन्याच्या २५ तारखेला सुरू होतो आणि आठ रात्री चालतो. ज्यू पंचांगाचे महिने चांद्र असल्यामुळे, आपल्या अधिक मासासारखा, १९ वर्षांत ७ वेळा एक जादा महिना धरावा लागतो. म्हणून हा सण इंग्रजी तारखेला पुढे-मागे सरकतो. २०२३ मध्ये तो ७ डिसेंबरच्या संध्याकाळी लागला आणि १५ला संपला. २०२४ मध्ये पहिला दिवा नेमका नाताळच्या संध्याकाळी होता. २०२६ मध्ये तो ४ ते १२ डिसेंबर आहे, म्हणजे दोन सणांची गाठच पडत नाही. जिथे गाठ पडत नाही तिथे ती ओढून आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वडिलांना लागलं होतं ते वेगळंच. हनुका मुळात विरघळून न जाण्याचा सण आहे. अँटिओकस या ग्रीक राजानं ज्यू धर्माचरणावर बंदी घातली, मक्काबी हे ज्यू बंडखोर लढले आणि इसवी सनापूर्वी १६४च्या सुमारास जेरुसलेमचं मंदिर पुन्हा शुद्ध करून समर्पित झालं. त्या आठवणीचा दिवा दुसऱ्या सणाची आरास झाला, तर तो कितीही प्रेमानं ठेवलेला असो, म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला लागतो. जावई मात्र याला हट्ट म्हणत होता. “बेने इस्राएल लोकांना पूर्वी हनुका माहीतच नव्हता, तो नंतर आला,” असं त्यानं कुठेतरी वाचलं होतं. गोष्ट खोटी नाही. बेने इस्राएलांच्या परंपरेतच असं सांगतात, की पूर्वज कोकणच्या किनाऱ्यावर फार आधी आले, त्यामुळे मक्काबींनंतरचा हा सण पुढे इतर ज्यूंकडून कळला. पण नाताळचं झाडही वसईच्या मातीतलं नाही, ते जर्मन प्रदेशातून जगभर गेलं. कुणाचा सण किती जुना, हे मोजून भांडण मिटलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

माझी काम करण्याची पद्धत अशी, की घर म्हणजे माणसांची बेरीज न धरता मी ते नात्यांचं जाळं म्हणून बघते. एका जागी ताण आला की तो तिसऱ्याच टोकाला दिसतो. इथे नवरा-बायको एकमेकांशी न बोललेलं सगळं सासूबाईंच्या नावावर खपत होतं. “आईला हनुका आवडत नाही,” असं तो म्हणायचा. “आईंना वाटतं, मी नातीला त्यांच्यापासून तोडते,” असं ती. म्हणून पाचव्या बैठकीला मी सासूबाईंना बोलावलं. त्या वसईहून लोकलनं आल्या, खुर्चीच्या कडेवर बसल्या, पर्स मांडीवर.

मी सरळ विचारलं, “आजी, नातीनं हनुकाचा दिवा लावला तर तुमचं काय जातं?”

त्यांनी सुनेकडे पाहिलं. “माझं काय जायचंय? दिवाच तर आहे. पण मॅडम, हे सगळे खिडकीपाशी उभे राहतात, काहीतरी म्हणतात. मी कुठं उभं राहायचं ते मला कुणी सांगत नाही. मग मी किचनमध्ये जाते. किचनमध्ये पण माझं काही काम नसतं. मग मी घरी जाते.”

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. “आई, मला वाटायचं तुम्हाला बघवत नाही म्हणून जाता.” मुलगा खाली बघत होता. इतकी वर्षं जे घर धर्माच्या नावानं भांडत होतं, तिथे अडलं होतं ते इतक्या साध्या जागी. मी त्या वेळी मुद्दाम काही बोलले नाही. योग्य माणसाला योग्य वेळी खोलीत आणणं हे निम्मं काम असतं, आणि त्या दिवशी ते साधलं होतं, याचं समाधान मला आजही आहे.

पुढच्या बैठकीत सुनेनं वडिलांना फोनवर तोच प्रश्न विचारला. तेही वेगळं काही म्हणाले नाहीत: “तुझ्या घरी झाडापुढं मी पाहुणा पण नाही आणि घरचा पण नाही.”

तिथून मी जे शिकले आणि आता प्रत्येक मिश्र कुटुंबाला सांगते, ते हे: सण मिसळू नका, माणसं मिसळा. प्रत्येक सणाला घरातला एक यजमान असू द्या, दुसरी बाजू पाहुणी. आणि प्रत्येक पाहुण्याला एक नेमकं काम द्या, ज्यात त्याला स्वतःचा धर्म सोडावा लागत नाही. बरकत, म्हणजे दिव्यांवरची प्रार्थना, म्हणायची ती मुलीच्या आईनं आणि आजोबांनी. पप्पा दिव्याची जागा तयार करतील आणि शेवटी आमेन म्हणतील. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, आई बरोबर जाऊ शकते, बसू शकते, गाणी ऐकू शकते. कम्युनियन, म्हणजे मिस्सातला प्रसाद, घ्यायला ती जाणार नाही, आणि हे आधीच सांगितलेलं असलं की त्या क्षणी कुणी तिला कोपर मारत नाही.

आता मुलीच्या गोंधळाबद्दल. तिनं एकदा विचारलं होतं, “आपण ज्यू की ख्रिस्ती?” आई-बाबांनी घाईघाईनं “दोन्ही!” म्हणून विषय संपवला होता. हा प्रश्न सणाच्या दिवशी सुटत नाही. ज्यू धर्मशास्त्रानुसार आई ज्यू असेल तर मूल ज्यू. दुसऱ्या बाजूला, मिश्र विवाहात कॅथलिक जोडीदार मुलांच्या बाप्तिस्म्यासाठी आपल्याकडून होईल ते करीन असं वचन देतो. या दोन गोष्टींचा निर्णय झाडाखाली होत नाही. तो दोघांनी, वाटल्यास फादरांशी आणि सिनेगॉगमधल्या (ज्यू प्रार्थनामंदिरातल्या) वडीलधाऱ्यांशी बोलून, वेगळ्या दिवशी करायचा. मुलीला सांगायचं ते खरं आणि छोटं: “हनुका आईकडचा, नाताळ पप्पांकडचा. दोन्हीकडे तू घरची.” निर्णय झाला नसेल तर “आम्ही अजून ठरवतोय” म्हणायलाही हरकत नाही. मुलं दोन सणांनी गोंधळत नाहीत. मोठी माणसं वाक्य अर्धवट सोडतात, तेव्हा गोंधळतात.

यापुढचं सगळं मांडणीचं. आपल्या हवेत ही मांडणी नीट न केल्यास सणाचा विचका होतो.

जागा आधी ठरवा. हनुकिया खिडकीत, गोठा आणि झाड दुसऱ्या भिंतीला, मध्ये निदान चार-पाच फूट. गोठ्यात वाळलेलं गवत आणि कागदी तारा असतो, त्याच्याजवळ उघडी ज्योत नको. नाताळआधीच्या आगमनकाळातल्या चार मेणबत्त्यांचं चक्रही हनुकियाच्या टेबलावर ठेवू नका, मूल त्यातच गल्लत करतं. दिवे मांडायचे उजवीकडून आणि लावायचे डावीकडून, म्हणजे त्या रात्रीचा नवा दिवा आधी. बाकीचे दिवे ज्यानं लावायचे तो शमाश हा दिवा वेगळा. आठ रात्रींचे शमाशसकट ४४ दिवे होतात.

बारीक मेणबत्त्या दुपारच्या उन्हात खिडकीत राहिल्या की वाकतात, मग शेजारचीला चिकटून दोन्ही एकदम वितळतात. दिवे रात्र झाल्यावर निदान अर्धा तास जळायला हवेत आणि तेवढ्यात पंखा किंवा खाडीवरचा वारा ते विझवतो. पंखा बंद ठेवा, अर्धी खिडकी लावा किंवा सरळ काचेचे पेले घ्या. पेल्यात खाली पाणी, वर साधारण १० मि.ली. तेल आणि तरंगती वात. तेल संपलं की वात पाण्यात विझते, काच तडकत नाही. वात जाड असेल तर तेल लवकर संपतं, म्हणून आदल्या रात्री एक पेला जाळून वेळ मोजा. खोबरेल चालतं, पण ते २४-२५ अंशांखाली थिजतं. ठाण्यात डिसेंबरच्या पहाटे बाटलीत गोळा झालेला असतो, तेव्हा बाटली कोमट पाण्यात ठेवा. तेलाचं हे खातं मी तिच्या वडिलांकडे द्यायला सांगितलं. तेल गाळणाऱ्या आणि शनिवारी काम न करणाऱ्या बेने इस्राएलांना कोकणात शनवार तेली म्हणत. त्यांच्या वंशातला माणूस, घाण्याच्या तेलाबद्दल त्यांना बोलायला लावावं लागलं नाही.

सासूबाईंचं काम फुगे, म्हणजे यीस्टच्या पिठाचे तळलेले गोळे. दोन्ही सणांत ते बसतात: हनुकाला तळणीचा मान, आणि नाताळ फुग्यांशिवाय ईस्ट इंडियन घरात होत नाही. अर्धा किलो मैदा, दोन अंडी, एका नारळाचं दूध, सात ग्रॅम यीस्ट, चवीला साखर-मीठ. पीठ सैलसर हवं, दोन-तीन तास फुगू द्यायचं. ओल्या मुठीतून अंगठ्याजवळ दाबून गोळा तेलात सोडायचा. पीठ घट्ट असेल तर गोळा आपोआप उलटत नाही, तेल फार तापलं तर बाहेरून लाल आणि आत कच्चा. इथे दूध नारळाचंच राहू द्या, गाईचं नको. मांस आणि दूध एकत्र न खाणाऱ्या घरात मटणाच्या जेवणाबरोबरही मग फुगे चालतात. बेने इस्राएल घरांत गव्हाच्या चिकाचा हलवा नारळाच्या दुधात होतो, तोही याच सोयीचा. कढई वेगळी, तेल ताजं. विंदालूचं पोर्क आणि कोळंबी नाताळच्या जेवणात असतील तर त्यांची भांडी वेगळी, आणि शेजारी रावस किंवा पापलेट. न खाणाऱ्याला आग्रह करायचा नाही, एवढं यजमानानं पाळावं.

मुलीचं काम नाचणी. गोठ्यासाठी १४ डिसेंबरला वाटीत पेरली की २४ला हिरवं गवत तयार होतं.

एक तारीख आत्ताच वहीत लिहून ठेवा: २४ डिसेंबर २०२७. त्या दिवशी शुक्रवार आहे, हनुकाचा पहिला दिवा आहे आणि नाताळची पूर्वसंध्याही आहे. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताआधी सुरू होतो, म्हणून हनुकाचा दिवा शब्बाथच्या मेणबत्त्यांच्याही आधी, पावणेसहापूर्वी लागायला हवा. त्यात तेल सव्वासातपर्यंत पुरेल एवढं घाला. जी व्यक्ती शब्बाथ काटेकोर पाळते ती रात्री गाडीनं मिस्साला जाणार नाही. तेव्हा कोण कुणाबरोबर जाणार, हे ऑक्टोबरातच ठरवा. पंचवीसचं मटण शुक्रवारी दुपारीच शिजवून ठेवा. शनिवारचा दुसरा दिवा हवदालानंतर, म्हणजे शब्बाथ संपवणाऱ्या प्रार्थनेनंतर.

त्या घरी आता हनुका त्याच्या तारखेला होतो. सासूबाई पाचव्या रात्री वसईहून येतात आणि कढईपाशी उभ्या राहतात. आजोबा २४ डिसेंबरला अजून येत नाहीत. २६ला येतात. गोठा तीन राजांच्या सणापर्यंत, ६ जानेवारीपर्यंत मांडलेला असतो. त्यातली नाचणी वाळायला लागली आहे का ते नात त्यांना दाखवते आणि ते वाटीत थोडं पाणी घालतात.