दमा, कोरोना आणि आईचा पंप

प्रश्न: आईला जुना दमा आहे. कोरोना झाल्यास तिचा आजार गंभीर होईल का? स्टेरॉइडचा पंप बंद करावा का?

उत्तर: पंप मुळीच बंद करू नये. इंग्लंडमधील सुमारे १ कोटी ७० लाख प्रौढांच्या नोंदींवर आधारित २०२० च्या अभ्यासात, ज्या दमेकऱ्यांना अलीकडे स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या नव्हत्या, त्यांच्यात कोरोनाने मृत्यूचा धोका इतरांपेक्षा वाढलेला दिसला नाही. गोळ्या घ्याव्या लागलेल्यांत मात्र तो किंचित अधिक होता. वाढते वय आणि अनियंत्रित मधुमेह यांची काळजी मला अधिक वाटते. बरे वाटू लागताच पंप सोडून देण्याची आपल्याकडची सवय फार घातक आहे. आईंनी पंप स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून घ्यावा आणि नंतर चूळ भरावी. बोलतानाही धाप लागली, तर त्यांना ताबडतोब रुग्णालयात न्यावे.