आरबी26 वर हलकी क्रँक पुली बसवावी का?

तुम्ही विचारलंय की निसानच्या आर32 स्कायलाइन जीटी-आरच्या आरबी26डीईटीटी इंजिनाला मोठा टर्बो लावून ते 8,000 आरपीएमपर्यंत न्यायचं आहे, तर अल्टरनेटर (गाडीची वीज बनवणारं यंत्र) फार वेगाने फिरू नये म्हणूनही मूळची जड क्रँक पुली (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकच्या, पुढच्या टोकावरची पट्टा फिरवणारी चकती) काढून ॲल्युमिनियमची हलकी, लहान पुली घालावी का. नको. या इंजिनावर तर मुळीच नको.

ती जड पुली नुसता पट्टा फिरवत नाही. मधला हब आणि बाहेरची जड रिंग यांच्यात रबराचा थर असतो; ही जोडणी म्हणजेच डँपर, क्रँकची थरथर शोषून घेणारा भाग. आरबी26 चे सहा सिलिंडर एका रांगेत, त्यामुळे क्रँक लांबलचक. दर फेऱ्याला तीन सिलिंडर पेटतात, म्हणजे 7,000 आरपीएमला सेकंदाला 350 धक्के. प्रत्येक धक्क्याला क्रँक किंचित पिळला जातो आणि सुटतो. बूस्ट (टर्बो इंजिनात हवा कोंबतो तो दाब) वाढवला की धक्का आणखी जोरदार. ही थरथर पुढच्या टोकाला सगळ्यात जास्त असते आणि ऑइल पंपाचा आतला गिअर नेमका तिथेच क्रँकवर बसलेला असतो. सुरुवातीच्या आर32 क्रँकवर त्या गिअरला फिरवणारे सपाट भाग अरुंद आहेत. त्यात डँपर नाही आणि गाडी वारंवार रेव्ह लिमिटरवर (इंजिनाचा वेग ठराविक आरपीएमला रोखणारी यंत्रणा) आपटते, असं झालं की गिअर तडकतो, तेलाचा दाब जातो आणि पाठोपाठ बेअरिंग.

हलक्या पुलीने इंजिन चटकन रेव्ह होतं हे खरं, पण तेवढ्यासाठी ही जोखीम घेण्यासारखी नाही. आणखी एक गैरसमज: पुली लहान-मोठी केल्याने बूस्ट बदलतो तो पट्ट्याने फिरणाऱ्या सुपरचार्जरवर. टर्बो एक्झॉस्टवर फिरतो, त्याचा पुलीशी काही संबंध नाही.

पैसे घालायचेच तर एटीआय किंवा रॉसचा आरबीसाठीचा डँपर घ्या आणि त्यावर एसएफआय 18.1 (रेसिंगच्या भागांसाठीचं सुरक्षा मानक) प्रमाणपत्र आहे का ते बघा. इंजिन उघडलेलंच असेल तर क्रँकच्या नाकावर (पुढच्या टोकावर) गिअर फिरवणारी रुंद कॉलर आणि मजबूत गिअरचा ऑइल पंपही त्याच वेळी करून घ्या.

अल्टरनेटर फार वेगाने फिरतो ही तुमची काळजी मात्र रास्त आहे. त्यासाठी क्रँक पुलीला हात न लावता अल्टरनेटरची पुली मोठी करा. दोन्ही व्यास मोजा. समजा क्रँकची 150 मिमी आणि अल्टरनेटरची 60 मिमी निघाली, तर गुणोत्तर 2.5, 8,000 ला अल्टरनेटर 20,000 वर जातो. बऱ्याच अल्टरनेटरची मर्यादा 18,000 च्या आसपास असते. 75 मिमीची पुली लावली की तो 16,000 वर येतो. पण 900 च्या आयडलला (गाडी उभी असताना इंजिनाचा किमान वेग) तो 2,250 ऐवजी 1,800 वरच फिरेल. दोन फ्युएल पंप आणि इलेक्ट्रिक पंखे असतील तर सिग्नलला व्होल्टेज पडेल, म्हणून सगळं चालू ठेवून मल्टीमीटरने बघा, 13.5 व्होल्टच्या खाली जात असेल तर मधला आकार निवडा. व्यास 15 मिमी वाढला की पट्टा साधारण 24 मिमी लांब लागतो. पट्ट्यावर 4पीके लिहिलेलं असेल तर चार खाचा, पुढचा आकडा लांबी मिमीमध्ये. पुलीच्या खाचाही पीकेच्याच, म्हणजे 3.56 मिमी अंतराच्या हव्यात. सगळ्या पुल्या एका रेषेत आहेत ना हे सरळ पट्टीने तपासा; तिरकं असेल तर पट्टा आधी ओरडतो, मग कडेने उसवतो.

जुनी पुली काढताना पुलरचे बोल्ट हबच्या आटे पाडलेल्या भोकांत लावा. बाहेरची रिंग धरून ओढलं की रबर फाटतं. नवीन डँपर हातोड्याने ठोकू नका, क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगला मार बसतो; हब गरम करून किंवा इन्स्टॉलर टूलने ओढून बसवा. पुली क्रँकवर घसरू न देणाऱ्या चावीची (लोखंडी पट्टीची) खाच घासलेली असेल तर तशीच जोडू नका. बोल्टचा टॉर्क डँपरसोबतच्या कागदावरचाच धरा.

काही काळ मूळचाच डँपर ठेवणार असाल, तर हबपासून रिंगपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा आणि दर सर्व्हिसला बघा. ही इंजिनं तीस वर्षांपुढची आहेत, रबर कडक झालेलं असतं. रेघ तुटलेली दिसली म्हणजे रिंग सरकली. टायमिंगच्या (प्लगची ठिणगी नेमकी कधी पडते त्याच्या) खुणा रिंगवरच असल्याने टायमिंग लाइट तेव्हा खोटा आकडा दाखवते आणि त्यावर विसंबून इग्निशन पुढे नेलं (ठिणगी आधी पाडली) की डेटोनेशन, म्हणजे इंधनाचा अनियंत्रित भडका, होऊन पिस्टन फुटतात. तेव्हा ट्यूनिंगला जाण्याआधी पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकातून पिस्टन स्टॉप (पिस्टनला अडवणारी दांडी) घालून खरा टीडीसी (पिस्टनची सगळ्यात वरची जागा) काढा आणि खूण त्याच्याशी जुळते का ते पाहा.